उत्तर बघून पुढचा प्रश्न विचारणारा माणूस : आल्फ्रेद बिने

‘ओरल’ हा शब्द ऐकला तरी ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यापैकी मी एक. सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर्सच्या ओरलला बाहेरून आलेल्या सरांनी मला पहिलाच प्रश्न एव्हीएल ट्रीवर विचारला. मी गप्प! मग त्यांनी साध्या बायनरी ट्रीवर विचारलं. अर्धवट आलं. मग लिंक्ड लिस्ट, मग स्टॅक. स्टॅकवर माझी गाडी सुरू झाली. तिथून सर पुन्हा एकेक पायरी वर चढत गेले आणि मी परत जिथे अडकले तिथे थांबले. दहा मिनिटांत त्यांना माझी अख्खी कुंडली कळली होती. तीन तासांच्या लेखी पेपरात सगळ्यांना तेच प्रश्न असतात. त्यात हुशार मुलांचा अर्धा वेळ सोप्या प्रश्नांत जातो आणि माझ्यासारख्यांचा अवघड प्रश्नांकडे बघत बसण्यात.

ओरलवाल्या सरांची ही युक्ती आता कॉम्प्युटरही वापरतो. माझी रूममेट जीआरईची तयारी करते. तिच्या परीक्षेत पहिला भाग कसा सोडवला त्यावर दुसरा भाग सोपा द्यायचा की अवघड हे ठरतं. याला कॉम्प्युटर अ‍ॅडॅप्टिव्ह टेस्ट म्हणतात, थोडक्यात कॅट. (एमबीएवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये. त्यांची ‘कॅट’ ही ही कॅट नव्हे!) आपण जी बायनरी सर्च शिकतो तिचीच ही चुलत बहीण. मधून सुरू करा, उत्तर बघा, वर जा किंवा खाली या.

सेमिनारसाठी हा विषय घेतला तेव्हा मला वाटलं होतं, ही कल्पना फार तर वीस-तीस वर्षांची असेल. शोधत गेले आणि थेट १९०५ सालच्या पॅरिसमध्ये पोचले. तिथे कॉम्प्युटर तर नव्हताच, पण सहा वर्षांच्या पोरासमोर बसून, त्याचं उत्तर बघून पुढचा प्रश्न काढणारा एक दाढीवाला माणूस होता. त्याचं नाव आल्फ्रेद बिने. आपण त्याला आय.क्यू.वाला म्हणून ओळखतो. गंमत म्हणजे आय.क्यू. हा आकडा त्याने काढलेलाच नाही. म्हणूनच त्याची गोष्ट सांगावीशी वाटली.

बिनेचा जन्म १८५७ चा, नीस शहरातला. हे शहर तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं. १८६० मध्ये ते फ्रान्सला मिळालं. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आईवडील वेगळे झाले आणि आल्फ्रेद आईजवळ वाढला. १८७८ मध्ये त्याने कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. मग वैद्यकीय शिक्षण सुरू केलं, तेही अर्ध्यावर सोडलं. आपल्याकडे असतं तर प्रत्येक लग्नात काकू-मावश्यांनी विचारून विचारून हैराण केलं असतं, की बाबा, आता पुढे काय? याने काय केलं, तर पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसला आणि मानसशास्त्राची पुस्तकं वाचत सुटला. मानसशास्त्रातली पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. जे शिकला ते स्वतःच्या बळावर.

असं एकट्याने शिकण्यात एक धोका असतो. चुकलं तर सांगणारं कोणी नसतं. १८८३ च्या सुमारास तो साल्पेत्रियेर रुग्णालयात शार्को या त्या काळच्या अत्यंत गाजलेल्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करू लागला. तिथे संमोहनाचे प्रयोग चालत. बिने आणि त्याचा सहकारी फेरे यांनी जाहीर केलं, की संमोहित रुग्णाच्या शरीराजवळ लोहचुंबक फिरवला की डाव्या बाजूची लक्षणं उजव्या बाजूला जातात. बेल्जियमचे देलबफ नावाचे प्राध्यापक हे बघायला मुद्दाम आले. त्यांच्या लक्षात आलं, की रुग्णाच्या समोरच सगळी चर्चा चालते. पुढे काय व्हायला हवं ते रुग्णाला आधीच ठाऊक असतं आणि ती तसं करून दाखवते. चुंबकाचा काही संबंधच नाही!

बिनेने आधी जोरात वाद घातला, पण शेवटी चूक मान्य करावी लागली, तीही चारचौघांत. १८९० मध्ये तो तिथून बाहेर पडला. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता, हातात नोकरी नव्हती आणि नाव खराब झालं होतं. पण या फजितीतून एक गोष्ट त्याच्या हाडात भिनली. परीक्षा घेणाऱ्याच्या मनात जे असतं ते नकळत परीक्षा देणाऱ्याच्या उत्तरात उतरतं.

१८८४ मध्ये त्याचं लग्न झालं होतं. सासरे बाल्बियानी हे नावाजलेले जीवशास्त्रज्ञ. मादलेन आणि अलीस अशा दोन मुली झाल्या. साल्पेत्रियेर सुटल्यावर बिनेची प्रयोगशाळा म्हणजे त्याचं घर! मुलींना तो छोटे छोटे प्रश्न विचारायचा, वस्तू दाखवायचा, शब्द लिहायला सांगायचा. त्याच्या लक्षात आलं, की थोरली चालायला शिकताना एकाग्र होऊन, जपून एकेक पाऊल टाकायची आणि धाकटी भलतीकडे बघत धडपडत जायची. एकाच घरातल्या, एकाच आईबापांच्या दोघी, पण विचार करण्याची रीत अगदी निराळी. १९०३ मध्ये त्याने या निरीक्षणांवर मोठं पुस्तक लिहिलं. त्यात मुलींची नावं बदलून मार्गरीत आणि आर्मांद केली.

१८९१ मध्ये रूआँ इथल्या रेल्वे प्लॅटफॉर्मवर बिनेला सोर्बोन विद्यापीठातल्या मानसशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख बोनीस भेटले. बिनेने तिथेच काम मागितलं, बिनपगारी! ते मिळालं आणि १८९४ पासून मरेपर्यंत तो त्या प्रयोगशाळेचा संचालक होता. त्याच वर्षी कीटकांच्या मज्जासंस्थेवर त्याने डॉक्टरेट मिळवली. मानसशास्त्राचं एक वार्षिकही काढलं, जे आजही निघतं. मात्र फ्रान्समध्ये प्राध्यापकाची खुर्ची त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही.

त्या काळी अशी समजूत होती, की डोकं मोठं तर बुद्धी मोठी. बिनेलाही आधी ते पटत होतं. शाळांमध्ये जाऊन त्याने हुशार आणि मठ्ठ समजल्या जाणाऱ्या मुलांची डोकी मोजली. (वर्कशॉपमध्ये आपण व्हर्निअरने जॉब मोजतो ना, अगदी तसंच.) फरक निघाला तो इतका किरकोळ, की एकेका मुलाबद्दल त्यावरून काहीच सांगता येईना. शिवाय हुशार मुलाचं डोकं मोजताना आपला हात आपोआप थोडा सैल पडतो की काय, अशी शंका त्याला स्वतःबद्दलच आली. चुंबकाची आठवण ताजी होती. त्याने तो नाद सोडला.

आता मुख्य गोष्ट. फ्रान्समध्ये १८८२ पासून ६ ते १३ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षण सक्तीचं झालं. आजवर शाळेचं तोंड न पाहिलेली मुलं वर्गात येऊन बसली आणि त्यातली काही मागे पडू लागली. ही मुलं खरोखर मंद आहेत, आळशी आहेत, की त्यांना कोणी शिकवलंच नाही? एकाच मुलाला एक डॉक्टर एक नाव द्यायचा, दुसरा दुसरं. १९०४ मध्ये सरकारने या प्रश्नावर आयोग नेमला आणि बिने त्यात होता. अशा मुलांसाठी वेगळे वर्ग काढायचे ठरत होतं. बिनेला भीती वाटली, की एकदा का चुकीच्या मुलाला त्या वर्गात टाकलं, की त्याच्या कपाळावरचा शिक्का जन्मभर पुसला जाणार नाही. मास्तरांना खोडकर पोराला वर्गातून घालवायचंच असतं. तेव्हा त्यांच्या मतावर सोडून कसं चालेल?

म्हणून त्याने तेओदोर सिमों या तरुण डॉक्टरच्या मदतीने १९०५ मध्ये ३० छोट्या कसोट्यांची एक शिडी तयार केली. अगदी खालची पायरी म्हणजे पेटती काडी हलवली तर मूल नजरेने तिचा मागोवा घेतं का. मग चित्रातल्या वस्तू दाखवणं, आकडे ऐकून परत म्हणणं, दोन वजनांतलं जड कोणतं ते सांगणं, यमक जुळवणं आणि सर्वांत वर अमूर्त शब्दांतला फरक सांगणं. १९०८ मध्ये त्यांनी या कसोट्या वयानुसार लावल्या, तीन वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंत. त्या वयाची बहुतेक मुलं जे करू शकतात ते त्या वयाच्या पायरीवर. १९११ मध्ये आणखी एकदा दुरुस्ती केली.

परीक्षा घ्यायची पद्धत बघा. एका वेळी एकच मूल, शांत खोली, परीक्षकाचा चेहरा हसरा. मुलाला धीर द्यायचा, पण उत्तर सुचवायचं नाही (पुन्हा तोच चुंबक!). मुलाला जमेल असं वाटतं त्या पायरीपासून सुरुवात करायची. सगळं आलं तर वर जायचं. आलं नाही तर जिथे सगळं येतं तिथपर्यंत खाली उतरायचं, मग पुन्हा काहीच येत नाही तिथपर्यंत वर चढायचं. झालं! मुलाची पातळी या दोन टोकांच्या मध्ये. माझ्या ओरलच्या सरांनी केलं ते हेच. आजची प्रत्येक अ‍ॅडॅप्टिव्ह टेस्ट ही याच शिडीची वंशज आहे.

बिनेने १९०५ मध्ये पॅरिसच्या एका प्राथमिक शाळेतच प्रयोगशाळा उघडली. तिथले मुख्याध्यापक वाने यांनी वाचनाचीही अशीच शिडी केली होती. ज्याला अजून अक्षरं जुळत नाहीत तो सर्वांत खाली. त्याच्यावर एकेक अक्षर तोडून वाचणारा, मग अडखळत वाचणारा, मग सरळ वाचणारा आणि सर्वांत वर अर्थ समजून, भाव आणून वाचणारा. हे वाचून मला एकदम घरची आठवण झाली. कशी ते सांगते.

माझी मावसबहीण डी.एड. करते. २०२४ मध्ये ती ‘असर’च्या पाहणीला स्वयंसेवक होती. ही पाहणी ‘प्रथम’ संस्थेने २००५ मध्ये सुरू केली. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावातली २० घरं आणि त्या घरांतली ५ ते १६ वर्षांची मुलं. शाळेत नाही, घरी जाऊन, एकेकट्याची परीक्षा. आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातही ती होते. मराठी वाचनाची परीक्षा म्हणजे फक्त एक कागद. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून. आला तर गोष्ट द्यायची. नाही आला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. मूल जिथे स्थिरावतं ती त्याची पातळी. बिने आणि वाने यांची शिडी, आणि तीही शुद्ध मराठीत!

डिसेंबरात सेमिस्टर संपवून मी मावशीकडे गेले होते. कारखान्याचं गाव. ऊसतोडीसाठी आलेल्या टोळीच्या कोप्या शेजारच्या रानात पडल्या होत्या. त्यातली एक अकरा वर्षांची मुलगी संध्याकाळी अंगणात यायची. हजेरीपटावर ती पाचवीत होती, पण दिवाळीनंतर आईबापांबरोबर पट्टा पडेपर्यंत फडावर आणि मग परत गावाकडे, असं दरवर्षीच चालू. ताईने सहज तो कागद तिच्यापुढे धरला. उताऱ्यावर ती दोन शब्दांत थांबली आणि मान खाली घातली. ताईने काही न बोलता बोट शब्दांवर नेलं. पाचातले चार शब्द तिने बरोबर वाचले. मान वर आली. मला माझा स्टॅक आठवला!

मग ताईने थट्टेने कागद माझ्यापुढे सरकवला. कॉन्व्हेंटमध्ये मराठी म्हणजे आठवड्यातून काही तास आणि उरलेल्या वेळी बोललं तर दंड. गोष्ट मी वाचली, पण जोडाक्षरांवर दोनदा ठेचकाळले. वाने सरांनी मला नक्की ‘अडखळत वाचणारी’ या पायरीवर बसवलं असतं. तेव्हा मला कळलं, की एका भाषेतला माझा आकडा म्हणजे मी नव्हे. त्या मुलीचाही नव्हे.

बिनेलाही ही शंका छळत होती. ब्रसेल्समधल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांवर तिथल्या संशोधकांनी त्याच्या कसोट्या वापरल्या, तर ती मुलं पॅरिसच्या मुलांपेक्षा सुमारे दीड वर्ष पुढे निघाली. बिनेने हे दडवलं नाही. घरात कानावर जी भाषा पडते तिचा कसोटीवर परिणाम होतो, हे त्याने ओळखलं. आपण मोजतो ती आजची पातळी, जन्माची नाही, असं तो सांगत राहिला. मागे पडलेल्या मुलांसाठी त्याने व्यायामही तयार केले. उदाहरणार्थ, पुतळ्यासारखं काही क्षण न हलता उभं राहायचं. खेळातून लक्ष देण्याची सवय. १९०९ च्या पुस्तकात त्याने, बुद्धी ठरलेली असते आणि वाढवता येत नाही या मताला कडाडून विरोध केला. म्हणजे परीक्षेचं काम निकाल लावणं नाही, शिकवायला कुठून सुरुवात करायची ते दाखवणं.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी पॅरिसमध्ये तो वारला. वय फक्त ५४.

आणि मग व्हायचं तेच झालं. १९१२ मध्ये जर्मनीच्या स्टर्नने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना काढली. अमेरिकेत टर्मनने १९१६ मध्ये १०० ने गुणून त्याचा आय.क्यू. लोकप्रिय केला. गॉडर्डने हीच शिडी एलिस बेटावर नेली. जहाजातून नुकत्याच उतरलेल्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या लोकांना दुभाष्यामार्फत प्रश्न विचारून त्यातले बहुसंख्य मंदबुद्धी ठरवले! पहिल्या महायुद्धात सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची सामुदायिक परीक्षा झाली. समोरासमोर बसणं गेलं, हसरा चेहरा गेला, उतरून खाली येणं गेलं. उरला तो शिक्का, ज्याची बिनेला भीती होती.

आपल्याकडे मात्र एक चांगलं काम झालं. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेची शिडी नव्याने बांधली. त्यांचा लेख १९३४ मध्ये आणि पुस्तक १९४० मध्ये आलं. नुसतं भाषांतर करून चालत नाही. फ्रेंच यमक मराठीत जुळत नाही, फ्रेंच नाणी आपल्या पोराने पाहिलेली नसतात. कोणती कसोटी कोणत्या वयाला येते हे इथल्या मुलांवरच तपासावं लागतं. ‘बिने-कामत’ कसोटी आपल्या देशात मुलांच्या तपासणीसाठी आजही वापरतात.

कॉम्प्युटरने पुढे शिडी बारीक केली. प्रत्येक प्रश्न किती अवघड आहे हे आधी शेकडो जणांवर तपासायचं, मग प्रत्येक उत्तरानंतर गणिताने अंदाज सुधारत जायचं. आपल्यातले काही जण पुण्याला जाऊन जपानीची जेएलपीटी देतात. त्यात एन-५ निवडलं की सगळ्यांना तोच पेपर. पण ‘जे-कॅट’ नावाची जपानीची दुसरी परीक्षा आहे, ती उत्तर बघून प्रश्न बदलते. मुलांच्या बाबतीत तर प्रश्न आणखी नाजूक. परदेशातून आलेल्या कामगारांची मुलं जपानी शाळेत बसतात. ती गप्प असतात ती भाषा येत नाही म्हणून, की विषय कळत नाही म्हणून? हे ओळखायला तिथल्या शिक्षण मंत्रालयाने २०१४ मध्ये जी पद्धत आणली, तिच्यात शिक्षक मुलाशी समोरासमोर बसून बोलतो. बिनेची खोली पुन्हा आली म्हणायची!

उद्या आपल्यापैकी कोणीतरी अशी टेस्ट मराठीसाठी लिहील. कोड फार अवघड नाही, हे मी सेमिनारला करून पाहिलं. अवघड आहे ते खाली उतरणं. मुलाला एखादा प्रश्न आला नाही, की त्याला लाज न वाटू देता त्याला येईल तिथपर्यंत आपण खाली यायचं, आणि आकडा मिळाल्यावर त्याला सोडून न देता तिथूनच हात धरून वर न्यायचं.

ताईने त्या मुलीला रोज संध्याकाळी अर्धा तास शब्दांपासून शिकवलं. फेब्रुवारीत ताईचा फोन आला, तिने उतारा न थांबता वाचला म्हणून. मार्चमध्ये पट्टा पडला आणि कोप्या उठल्या. ती आता कुठल्या शाळेत आहे ते आम्हाला माहीत नाही. तिच्या नव्या बाईंनी तिला पाचवीचं पुस्तक न देता आधी तिच्यासमोर बसून बघावं, एवढीच इच्छा.

— टी. ई. (कॉम्प्युटर), लेडीज होस्टेल